गलबतवाल्याशी घासाघीस

दंडारीच्या पडद्यासाठी मांजरपाटाचा अख्खा तागा मी दिला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट सगळे सोयीस्कर विसरले.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. एकेक गाव आपापला दिवस धरतं. पाहुणे येतात, बांगड्यांची आणि मिठाईची दुकानं लागतात, आणि दुपारी, जिथे गुरं गोळा होतात त्या आखरावर, दंडार उभी राहते. गाणं, नाच, सोंग आणि मधे मधे गावातल्या मोठ्या माणसांची टिंगल. मालगुजाराची टिंगल होते, पटवाऱ्याची होते, जंगलच्या नाकेदाराची तर दरवर्षी होते. माझी कधी झाली नव्हती.

मी तेव्हा मिठाचा आणि लाखेचा व्यापार करत असे. अर्जुनीच्या स्टेशनवर उतरलेलं मीठ बैलगाडीने जंगलाकडच्या गावांत न्यायचं, बदल्यात तिथल्या लोकांकडून लाख आणि चारोळी घ्यायची, आणि ती गोंदियाला लाखेच्या भट्टीवाल्यांना विकायची. बापाने मला जमीन ठेवली नाही, ओळखपाळख ठेवली नाही. सुरुवात मी डोक्यावरच्या टोपलीने केली. टोपलीची कावड झाली, कावडीची गाडी झाली, ती माझ्या जिभेवर. घासाघीस हे माझं शेत होतं. त्यात काही लाज वाटावी असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी नवा खेळ बांधला. मुलांना ते भूगोल शिकवत, त्यात त्यांना तो दर्यावर्दी सापडला, जो स्पेनच्या राणीकडून गलबतं घेऊन हिंदुस्थान शोधायला निघाला आणि अमेरिकेला जाऊन लागला. आपण हिंदुस्थानच्या दारातच उतरलो असं त्याला वाटलं, म्हणून तिथल्या माणसांना त्याने आपलंच, हिंदुस्थानी लोकांचं, नाव देऊन टाकलं. आमच्या दंडारीवाल्यांनी यातून सरळ अर्थ काढला. माणूस आपल्याकडे यायला निघाला होता, वाट चुकला. चुकला नसता तर आपल्याच जंगलात उतरला असता. मग दाखवायचं तर आपलंच जंगल का दाखवू नये? म्हणून त्यांच्या अमेरिकेत मोहाची झाडं होती, तिथला सरदार गोंडाच्या पोशाखात होता, आणि गलबत आमच्या इकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याला लागत होतं. तिथे समुद्र कुठून आला हे कोणी विचारलं नाही.

आमच्या गावच्या मंडईला मी पुढे बाज टाकून बसलो होतो. तागा दिलेला माणूस पुढेच बसणार. गणपतीचं गाणं झालं, नाच झाला आणि गलबत आलं. गलबत म्हणजे चाकं काढलेली बैलगाडी, चौघांनी खांद्यावर धरलेली. वर बांबू, आणि बांबूला शीड म्हणून माझा मांजरपाट. पडदा जुनाच होता.

शिडामागून दर्यावर्दी, म्हणजे खेळातला साहेब, उतरला. त्याच्या डोक्यावर नाकेदाराची टोपी असेल असं मला वाटलं होतं. लाल पागोटं होतं. डावीकडे कललेलं, शेव कानामागे खोचलेला. खांद्यावर तागडी, काखेत मिठाची पिशवी. जमिनीवर पाय ठेवताच तो घसा खरवडून खोकला आणि म्हणाला, "बोहनीचा बखत आहे गा, माघारी लावू नको."

पागोटं माझं, खोकला माझा, वाक्यही माझंच. सगळ्या आखराच्या माना माझ्याकडे वळल्या.

साहेबाचं काम करणारा आमच्याच गावातला एक धानवाला शेतकरी होता. पायाने चपळ, तोंडाने त्याहून. एरवी मला काका म्हणायचा. त्याने सरदाराला काचेचे मणी दिले, घुंगरू दिले, चिमूटभर मीठ दिलं, आणि हळद लावलेली मातीची ढेकळं सोनं म्हणून तागडीत घेतली.

सरदाराने विचारलं, "साहेब, तागडी काऊन झुकून रायली?"

"समुद्राची हवा लागली गा तिले."

बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, बाप्ये उघड. मी बाजेवरून उठलो आणि ओरडलो, "माझी तागडी सरकारी ठशाची आहे!" लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग. साहेबाने माझ्याकडे हात केला. "पाहा, राणीचा मानूस आला!"

पानाचं तबक मी तिथेच आपटलं आणि घरी आलो.

टिंगल तेवढ्यावर राहिली असती तर मी चार दिवस धुमसलो असतो आणि विसरलो असतो. पण पुढच्या बाजाराला जंगलाकडच्या गावात माझी गाडी शिरली तेव्हा पहिल्याच बाईने टोपलीवर पळसाचं पान ओढलं आणि शेजारणीला म्हणाली, "गलबत्या आला वो!" ओळीतल्या सगळ्या टोपल्या झाकल्या गेल्या. आमच्या मंडईला आलेले पाहुणे ते नाव माझ्या आधी तिथे घेऊन गेले होते. गोंदियाच्या एका दलालाने दुसऱ्या टोकाला पोती पसरली होती. मला पाहून तो म्हणाला, "सेठ, आपका जहाज किधर लगा?" त्या दिवशी सगळी लाख त्याच्या पोत्यात गेली आणि माझं मीठ जसं नेलं तसं परत आलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मंग त्याईनं खोटं काय दाखवलं? तुमी तसेच खोकलता."

"मी तागडीचं बोलून रायलो."

"तागडीचं मले काय मालूम? मले तं डब्यातलं मीठ भेटते."

आता अडचण नीट सांगतो. कार्तिकातली लाख ज्याच्याकडे जाते, त्याच्याकडेच पुढे ती गावं वर्षभर माल देतात. आणि आमची दंडार आठवड्याभरात त्याच बाजूच्या मोठ्या मंडईला जाणार होती. मला लाख देणारी सगळी माणसं तिथे येणार. खेळ तिथे तसाच झाला असता तर त्या रस्त्यावर माझ्या गाडीचं काम उरलं नसतं. पुन्हा टोपली डोक्यावर घ्यायचं माझं वय नव्हतं, आणि तयारी तर मुळीच नव्हती.

मी गुरुजींकडे गेलो. ते भंडाऱ्याचे, बोलणं शहरी आणि थंड. ओसरीवर पाटावर बसून पेरू खात होते. मला एक फोड दिली. मी घेतली नाही.

"पागोटं काढा," मी म्हणालो.

"खोकला काढतो. पागोटं लोकांना आवडलंय."

"खोकला ठेवा. खोकला साऱ्यायलेच येते. पागोटं काढा, तागडी काढा."

"शेठ, तागडी काढली तर साहेब सोनं मोजणार कशानं?"

"खरोखर कशानं मोजत होता तो?"

हे मी निव्वळ त्यांना अडवायला विचारलं होतं. गुरुजी पेरू खायचे थांबले. म्हणाले, "खरं सांगायचं तर घुंगरानं."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या खेपेला त्या माणसाने तिथल्या लोकांना लाल टोप्या दिल्या, काचेचे मणी दिले आणि शिकारी पक्ष्याच्या पायाला बांधतात तसे लहान घुंगरू दिले. घुंगरू त्यांना फार आवडले. वाजवत हिंडायचे. त्यांनी बदल्यात पोपट दिले, सुताचे गोळे दिले, नाकातलं सोनं दिलं. दुसऱ्या खेपेला तो पुष्कळ गलबतं घेऊन आला, घोडे आणि शिकारी कुत्रे घेऊन आला, आणि पुढे त्याने हुकूम काढला की ज्या भागात सोनं सापडतं तिथल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरू भरून सोनं आणून द्यायचं. नदीच्या वाळूत एवढं सोनं नव्हतंच. जो आणू शकला नाही त्याचे हात तोडायचे. लोक शेतं टाकून डोंगरात पळाले आणि उपाशी मेले.

"हे खेळात काऊन नाही घेतलं?"

"मंडईच्या दिवशी लोकांना रडवायचं कशाला?"

मी आयुष्यभर मापाशेजारी बसलेला माणूस. लोकांनी हौसेने हातात घेतलेली वस्तू त्यांच्याच पुढ्यात माप म्हणून ठेवायची आणि म्हणायचं, भर! यात घासाघीस कुठे आहे? घासाघिशीला दोन तोंडं लागतात. समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे, टोपली उचलून जाता आलं पाहिजे. माझ्यासमोरून बायका रोज उठून जात, दोन शिव्या देऊन जात, आणि मी त्यांना परत बोलावत असे. त्या साहेबासमोरून उठणाऱ्याचा हात जात होता. आणि या गुरुजींनी त्याच्या डोक्यावर माझं पागोटं ठेवलं!

"गुरुजी, मले सरदार करा," मी म्हणालो.

"काय?"

"खेळात घ्या मले. सरदाराचं काम मी करतो."

"शेठ, अंगावर लंगोटी आणि डोक्यात मोरपिसं असतात. आणि सरदार शेवटी हरतो."

"हरतो ना. पण भाव केल्याबिगर हरत नाही."

"किती वेळ भाव करणार?"

"साहेब थकेपर्यंत."

"मग खेळ दुसऱ्या दिवशी संपेल. मी टाळी वाजवली की मरायचं."

टाळीवर मरायचं ठरलं. घुंगराची गोष्ट शेवटी घालायची हेही ठरलं. पागोट्यासाठी मी खूप ताणलं, ते मात्र त्यांनी सोडलं नाही. ती अढी माझ्या मनात आजही आहे. पण परत येताना विचार केला, राहू दे. पागोटं त्याच्या डोक्यावरच असू दे. लोकांनी पाहू दे की पागोटं एकीकडे आहे आणि मी दुसरीकडे.

मोठ्या मंडईला गर्दी इतकी की माणसं झाडांवर चढली होती. मी उघड्या अंगाने, सुटलेलं पोट घेऊन, मोरपिसं खोचून उभा राहिलो तेव्हा जे हसू उसळलं ते मी मुकाट्याने झेललं. पुढच्या रांगेत त्या गावचे म्हातारे गोंड पटेल बसले होते. कित्येक वर्षं माझ्या गाडीत लाख घालणारे. ते हसत नव्हते. डोळे बारीक करून बघत होते.

गलबत लागलं. पागोटं उतरलं.

"राम राम गा सरदार. राणीनं पाठवलं मले."

"राणीले घरी काम नाही का?"

पहिला हशा माझ्या बाजूने पडला आणि माझ्या अंगात वारं भरलं.

साहेबाने मणी पुढे केले. मी एक मणी उन्हात धरला, दाताखाली घेतला. "हा काच आहे. फुटला तं जोडून देशील?"

"मनी जोडत नसते गा."

"मंग सोनं काऊन मागून रायला? सोनं मोडलं तं आटवून पुन्हा बनते."

"बरोबर बोलला!" एक बाई ओरडली.

"बरं, मीठ घे."

"पानी आना," मी म्हणालो. कोणीतरी खरंच लोटा आणून दिला. साहेबाचं मीठ मी त्यात टाकलं, ढवळलं आणि थांबलो. सगळी मंडई थांबली. पाणी मी अलगद ओतून दिलं तर तळाला रेती. दंडारीवाल्यांनी ते मीठ तिथल्याच एका दुकानातून उचललं होतं. "हे माझं मीठ नाही!" मी मोठ्याने सांगितलं, आणि तेवढ्यापुरता मी अमेरिकेचा सरदार राहिलो नाही.

"तुझं मीठ मोजाचं माप दाखव," मी सुरू ठेवलं. "उलटं धर. बूड पाहू दे."

साहेबाची वाक्यं केव्हाच संपली होती. तो मनाने बोलत होता, आणि मनाने बोलायला लागला की माणूस भावात हरतो. "माप चांगलं आहे गा," एवढंच तो म्हणाला.

"मंग उठून चाललो मी." आणि मी खरोखर गर्दीत शिरलो.

"ये ना गा सरदार!"

"नको जाऊ रे परत!" लोक ओरडले. एका म्हातारीने माझा हात धरून मला आपल्याजवळ खाली बसवलं. "बस इथं. त्याले येऊ दे तुझ्याकडं."

साहेबाला यावं लागलं. गलबत सोडून, तागडी सावरत, गर्दीतून वाट काढत तो माझ्यापर्यंत आला. तिकडे गुरुजींनी टाळी वाजवली. मी ऐकली. पण तेव्हा आजूबाजूच्या बायका साहेबाला त्याच्या मण्यांचा भाव सांगत होत्या, आणि असा बाजार सोडून मरायला कोण जाईल? दुसरी टाळी आली, तिसरी आली.

शेवटी साहेबाने मणी जमिनीवर फेकले आणि लाकडी तलवार उपसली. "भाव जमत नाही तं मंग हे!" त्याने मला ओढून मधे आणलं, माझ्या पायाशी एक घुंगरू ठेवला. हे आम्ही वाटेत बोलून ठेवलं होतं. "यात सोनं भरून आन. नाही आनलं तं हात ठेव."

कोणी हसलं नाही. मंडईतल्या रहाटपाळण्यांचा करकर आवाज तेवढा येत होता.

"इतकं सोनं नाही नदीत," मी म्हणालो.

"हात ठेव."

मी हात ठेवला. तलवार पडली आणि मी आडवा झालो.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाल टेकून मी पडलो होतो, मुंगी कानात शिरत होती, आणि मघाशी मला हात धरून बसवणाऱ्या म्हातारीचा आवाज आला, "मेला का खरंच?"

"श्वास चालू आहे वो त्याचा."

"मंग उठत काऊन नाही?"

"त्याले मराचे पैसे दिले असतीन."

मी एक डोळा उघडला. पटेल उठून आले होते. त्यांनी तो घुंगरू उचलला, आत बोट घालून पाहिलं, किती मावतं याचा अंदाज घेतला, आणि कनवटीला लावला. घुंगरू दंडारीचा होता. पण त्यांच्याकडे तो परत मागायची कोणाची छाती झाली नाही.

गुरुजी मला नंतर म्हणाले, "शेठ, तीन टाळ्या वाजवल्या मी." मी म्हणालो, "मांजरपाट कुठं आहे माझा?" त्यावर ते दुसऱ्याशी बोलायला लागले.

पुढच्या बाजाराला मी गाडी भरून गेलो. मीठ पाटीभरही कमी घेतलं नव्हतं. टोपल्या उघड्या होत्या. गलबत्या कोणी म्हटलं नाही. दलाल दुसऱ्या टोकाला पोती पसरून बसला होता आणि त्याच्यासमोर कोणी नव्हतं. मी पोतं सोडलं, माप काढलं आणि म्हणालो, "बोहनी करा."

पटेल पुढे येऊन बसले. त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. शिवण झाडाच्या लाकडाचं कोरलेलं माप, नवं, अजून ओल्या लाकडाचा वास येणारं.

"सेठ, लाख देतो. पन माप हे."

माझं डोकं फिरलं. "माझं माप सरकारी ठशाचं आहे, पटेल!"

"सरकार कोनाचं?"

मी आवाज चढवला. आजवर कोणी माझ्या मापाला बोट लावलं नव्हतं, तुमच्यासाठी मी स्टेशनवरून बैलांची हाडं मोडत मीठ आणतो, उन्हापावसाचं आणतो, हे सगळं बोललो. पटेलांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"उठून चाललो मी," ते म्हणाले आणि उठले.

त्यांच्यामागे पहिली बाई उठली, मग दुसरी, मग सगळी ओळ टोपल्या कमरेवर घेऊन उभी राहिली. दलाल पोत्यावरून अर्धा उठला. त्याच्या तोंडावर आलेलं हसू मला आजही दिसतं.

"बसा ना गा पटेल!" मी म्हणालो.

ते बसले. एका पोरसवद्या बाईने माझ्याकडे लोटा मागितला, माझं मीठ त्यात टाकलं आणि ढवळलं. मी छाती पुढे काढून थांबलो. पाणी ओतलं, तळ स्वच्छ निघाला. तिने लोटा सगळ्यांना फिरवून दाखवला. तेवढ्याने माझा आवाज खाली आला. स्वच्छ मीठ देणाऱ्याने मापाला कशाला भ्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागलो.

दुपारपर्यंत घासाघीस चालली. त्यांचं माप माझ्याहून खोल होतं. म्हणून मी म्हणालो, मिठाचं माप काठोकाठ देईन, काठावर चढणारी शीग नाही. ते म्हणाले, मग लाखेलाही शीग नाही. मी म्हणालो, लाख खरवडलेली, पोकळ बसते, शीग लागतेच. ते म्हणाले, मीठ दमट असतं, दबून बसतं, शीग त्यालाही लागते. असा माणूस समोर असला की मला भूक लागत नाही. शेवटी ठरलं, दोन्हीला त्यांचंच माप आणि दोन्हीला शीग.

मी ते लाकडी माप हातात घेतलं. अंगठ्याने बूड दाबून पाहिलं, काठावरून बोट फिरवलं. खोट नव्हती. पहिलं मीठ मीच भरलं, वर दाणे घरंगळेपर्यंत, आणि पटेलांच्या टोपलीत ओतलं. त्यांची लाख माझ्या पोत्यात पडली. मागे बायकांची ओळ लागली. दलाल पोती गुंडाळायला लागला.

आजवर मी मीठ सपाट देत आणि लाख शिगेने घेत आलो होतो, त्यामुळे या मापाने मला पूर्वीपेक्षा कमी सुटणार हे पहिल्या ओंजळीलाच कळलं होतं. पण त्या बाजूची सगळी लाख माझ्या गाडीत येणार हेही कळलं होतं. कमी सुटलेलं कुठून भरून काढायचं याचा विचार माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला होता.

उन्हं कलल्यावर पटेल कंबर धरून उठले. "चारोळीचं पुढल्या बाजारी बोलू, सेठ."

"पुढल्या बाजारी कायले?" मी म्हणालो. "बसा. आजच बोलू."

आणि मी पुन्हा मांडी घातली.